१/७२ मधलं मिग-२१ बायसन: आधी काय, नंतर काय

विमानाच्या प्लास्टिक मॉडेलच्या किटच्या डब्यातलं सूचनापत्रक कुठला भाग कुठे बसतो एवढंच सांगतं. तो भाग चिकटवायच्या आधी रंगवायचा की नंतर, कुठला तुकडा शेवटपर्यंत डब्यातच ठेवायचा, कुठे एक रात्र हात बांधून बसायचं, हे त्यात नसतं. बहुतेक मॉडेलं बिघडतात ती तिथेच. हात बरा असतो, रंग महागाचे आणलेले असतात; पण पिटो नळी (हवेचा वेग मोजणारी, नाकापुढे येणारी बारीक नळी) पहिल्याच आठवड्यात नाकावर चिकटवलेली असते आणि प्रायमर मारायच्या आधीच मोडून टेबलाखाली गेलेली असते. म्हणून खाली जे लिहिलंय ते मुख्यतः क्रमाबद्दल आहे.

उदाहरणाला मिग-२१ घेतोय. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला ते हवाई दलातून निवृत्त झालं, तेव्हापासून “एक बायसन करायचंय, कुठून सुरुवात करू?” असं विचारणारे वाढलेत. नाशिककरांना तर हे घरचंच विमान, ओझरच्या एचएएलच्या कारखान्यात बनलेलं. आपण १/७२ प्रमाणातलं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, मिग-२१ बिसचं किट घेऊन त्याचं बायसन, म्हणजे बिसचं सुधारलेलं भारतीय रूप, करणार आहोत. जग्वार किंवा सुखोई करायचं असेल तरी क्रम जवळजवळ हाच राहतो.

## १. आधी विमान ठरवा, मग डबा उघडा

“मिग-२१ करतोय” एवढ्यावर भागत नाही. कुठलं, कधीचं, कुठल्या क्रमांकाचं, हे ठरल्याशिवाय रंगही ठरत नाही आणि पंखाखाली काय लावायचं तेही नाही. शेपटीजवळच्या क्रमांकाकडे नीट बघा. साध्या बिसचा क्रमांक ‘सी’ने सुरू होतो, बायसनचा ‘सीयू’ने. बायसनची सगळी कारागिरी करायची आणि शेवटी त्यावर ‘सी’चा क्रमांक चिकटवायचा, ही चूक इतकी सर्रास दिसते की आता कोणी ती दाखवूनही देत नाही.

एकाच विमानाचे, शक्यतो एकाच काळातले, दोन्ही बाजूंचे फोटो जमवा. वरून घेतलेला एखादा मिळाला तर उत्तम. चौकात चबुतऱ्यावर ठेवलेल्या निवृत्त विमानाचे फोटो आकारासाठी, पॅनेलच्या (पत्र्यांच्या जोडांच्या) रेघांसाठी, चाकांच्या कप्प्यांसाठी जरूर काढा. रंगासाठी मात्र त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. तिथे हवाई दलाचा मूळ रंग असेलच असं नाही, ऑइलपेंटचा हात फिरलेला असू शकतो.

किट घेताना डब्यावर ‘बिस’ लिहिलंय ना, ते बघा. मिग-२१चंच एमएफ हे दुसरं रूप दिसायला जवळचं असलं तरी बिसच्या पाठीवरचा कणा जास्त जाड आहे. एफ-१३ हे जुनं रूप तर सरळ बाजूला ठेवा. त्याचं नाकही वेगळं आणि कॅनॉपीही (वैमानिकावरचं काचेचं झाकण).

तपासा: मिग-२१ बिसच्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर आहे, म्हणजे १/७२ मध्ये साधारण ९९ मिलिमीटर. दोन्ही पंख धडाच्या बाजूला धरून पट्टीने मोजा. एखादा मिलिमीटर इकडेतिकडे चालतो. पाच-सहा मिलिमीटरचा फरक आला तर किटमध्येच गडबड आहे, आणि ती पॉलिश पेपरने सुटणारी नाही.

## २. टेबल आणि सामान

हत्यारांची यादी लांबलचक लागत नाही. चांगला साइड कटर, टोकदार कटर आणि जास्तीची पाती, बारीक चिमटा, ४०० ते २००० नंबरचे वॉटर पेपर, पातळ सिमेंट, पुट्टी, मास्किंग टेप. लाकडी चिमटे, टूथपिक, इअरबड घरात असतातच. ब्युटी पार्लरच्या सामानाच्या दुकानात मिळणाऱ्या नखं घासायच्या स्पंजच्या पट्ट्या वक्र भागांवर फार छान चालतात.

गोंदाच्या बाबतीत मात्र गोंधळ घालू नका. किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन असतं. त्याला मॉडेलचं पातळ सिमेंट लागतं. ते दोन्ही कडा किंचित विरघळवून एकजीव करतं. फेविकॉल या प्लास्टिकला धरत नाही. फेविक्विक धातूच्या तुकड्यांना आणि रेझिनला ठीक, धडाच्या लांब जोडाला नाही: तो जोड ठिसूळ राहतो आणि पुढे दाबताना तडकतो. फेविकॉल फेकू नका, त्याचं काम कॅनॉपीपाशी येणार आहे.

बसताना मांडीवर फिकट रंगाची जुनी चादर घ्या आणि तिचं दुसरं टोक टेबलाच्या कडेला टेपने अडकवा. चिमट्यातून उडालेला तुकडा झोळीत पडेल. मोझॅइकच्या फरशीवर पडला तर करड्या प्लास्टिकचा तो कण शोधत बसण्यात संध्याकाळ जाते. पंखा बंद ठेवा, खिडकी उघडी. थिनर किंवा लॅकर वापरणार असाल तर कापडी मास्क चालणार नाही, रासायनिक वाफ अडवणारा कार्ट्रिजवाला लागतो.

## ३. धुणं, कापणं, घासणं

साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या तेलाचा थर प्लास्टिकवर राहिलेला असू शकतो. भाग फ्रेमवर, म्हणजे ते ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर, असतानाच कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा, स्वच्छ पाण्यातून काढा आणि सुकू द्या. गरम पाणी नको, पातळ भाग वाकतात. हे टाळलं तर त्याचा हिशेब रंगकामात चुकता होतो: टेप काढताना रंगही टेपबरोबर सोलून येतो.

सगळे भाग एकदम कापून वाटीत भरू नका. फ्रेमवर नंबर असतो, वाटीत नसतो. जेवढं काम आज करायचं तेवढेच भाग कापा. कापतानाही दोनदा कापा. पहिल्यांदा भागापासून दोनेक मिलिमीटर लांब, मग भाग हातात घेऊन उरलेला कोंब जवळून. एकदम जवळून कापलं की कटरच्या दाबाने प्लास्टिक पांढरं पडतं किंवा भागातच खड्डा पडतो. उरलेला कण घासून काढा.

साच्याची शिवण प्रत्येक गोल भागावर असते: चाकांचे दांडे, क्षेपणास्त्रं, पिटो नळी. कटरची धार उभी धरून हलकेच खरवडली की निघते. १/७२ मध्ये ही शिवण रंगाखाली लपेल असं वाटतं. लपत नाही, रंग चढल्यावर जास्तच दिसते.

## ४. न चिकटवता जुळवा आणि स्वतःचा क्रम लिहा

टाळलं जातं ते हेच. धडाचे दोन भाग, पंख, शेपूट, कॉकपिट, इंजिनाचा मागचा नोझल सगळं टेपने जोडून बघा. कुठे फट पडते, कुठे आतली खुंटी आड येते, नोझल धड बंद झाल्यावर मागून सरकवता येतो की आधीच आत ठेवावा लागतो, हे आत्ताच कळायला हवं. खुंटी आड येत असेल तर बेधडक उडवा. तिच्यापेक्षा बाहेरची कड जुळणं महत्त्वाचं.

मग कागद घ्या आणि सूचनापत्रकातल्या भागांची तीन खात्यांत वाटणी करा. पहिलं खातं, धड बंद व्हायच्या आधी रंगवून बसवायचे भाग: कॉकपिट, नाकातला शंकू, हवेच्या वाटेची आतली बाजू, आणि तसंच असेल तर नोझल. दुसरं, रंगाआधी चिकटवायचे: पंख, शेपूट, पोटाखालची पाती, पुढची काच. तिसरं, रंग-डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं)-वार्निश सगळं उरकल्यावर लावायचे: चाकं, चाकांचे दांडे, कप्प्यांची दारं, पिटो, अँटेना, पायलॉनवरची (पंखाखालच्या आधारांवरची) शस्त्रं, कॅनॉपीचा उघडणारा भाग. पत्रकात चाकांचे दांडे सहाव्या पायरीला दाखवले असतील तर असू द्या. त्यांचा क्रमांक छपाईच्या सोयीने पडलाय.

## ५. कॉकपिट, नाक आणि वजन

मिगच्या कॉकपिटचा ओळखीचा रंग म्हणजे तो निळसर हिरवा, पिरोजाकडे झुकणारा. बायसनमध्ये आतली उपकरणं बदललेली आहेत, त्यामुळे फोटो असेल तर फोटोप्रमाणे करा, नसेल तर उपकरणांच्या फळीवर काळा-करडा रंग आणि उठाव असलेल्या कडांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट करडा फिरवा. आसनाचे पट्टे टेपच्या बारीक कापट्यांनी करता येतात. यावर आठवडा घालवू नका. या प्रमाणात सहा फुटी माणूस एक इंचाचा होतो. कॅनॉपी बसल्यावर आतलं जे दिसतं ते आसनाचं डोकं, पट्टे आणि फळीची वरची कड.

नाकातला शंकू आणि त्याभोवतीची हवेची वाट मात्र समोरून थेट दिसते. तिच्या आतली शिवण आत्ताच भरा, घासा, रंगवा. धड बंद झाल्यावर तिथे वॉटर पेपर पोचत नाही. शंकू बरोबर मध्यभागी बसलाय का, ते समोरून एका डोळ्याने बघा. तो जरा जरी तिरका असला तरी सगळं विमान फेंगडं दिसतं.

आता वजन. मॉडेल शेपटीवर बसू नये म्हणून पुढे भार लागतो. सायकलच्या दुकानात मिळणारे छर्रे किंवा मासेमारीच्या गळाचं शिसं चालतं. जागा: शंकूच्या आत आणि कॉकपिटच्या आजूबाजूला, पण मागच्या चाकांच्या रेषेच्या पुढेच. किती, ते किटनुसार बदलतं. टेपने सगळं जोडा, मागच्या चाकांच्या जागी खाली आडवी पेन्सिल धरा. नाक ठामपणे खाली गेलं पाहिजे. जेमतेम गेलं तर आणखी दोन छर्रे घाला, कारण नोझल, शेपूट, रंग सगळ्यांचं वजन अजून यायचंय.

सावधान: शिसं आतमध्ये फेविकॉलने चिकटवू नका. बंद जागेत या जोडीची रासायनिक क्रिया होते, शिशावर पांढरा थर फुगत जातो आणि काही वर्षांनी धडाचा जोड आतून उकलतो. अराल्डाइट वापरा.

## ६. धड बंद करणं

दोन्ही भाग एकत्र धरा, कडा जुळवा, मग पातळ सिमेंटचा ब्रश जोडाला नुसता टेकवा. द्रव स्वतःच फटीतून धावत जातो. एका वेळी दोन-तीन सेंटिमीटर. थोडं थांबून हलकासा दाब द्या, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकची बारीक रेघ जोडातून वर येते. ही रेघ आली म्हणजे जोड भरला. ती ओली असताना पुसायची नाही, वाळल्यावर घासायची.

बोट कुठे आहे याकडे लक्ष असू द्या. जोडावरच अंगठा असेल तर सिमेंट अंगठ्याखाली शिरतं आणि उचलल्यावर रेषारेषांसकट ठसा प्लास्टिकमध्ये कोरलेला असतो.

मग थांबा. चोवीस तास. हे काही शिस्तीचं कौतुक म्हणून सांगत नाही. वितळलेलं प्लास्टिक सुकताना किंचित आक्रसतं. लगेच घासून गुळगुळीत केलेला जोड चार दिवसांनी खोलगट रेघ होऊन परत दिसतो, आणि तोवर त्यावर रंग चढलेला असतो.

पंखांपाशी मिगची एक खासियत आहे आणि तीच सगळ्यात जास्त हुकते. त्याचे पंख आडवे सपाट नाहीत, दोन अंश खाली झुकलेले आहेत. आपल्या प्रमाणात पंखाचं टोक मुळापेक्षा साधारण दीड मिलिमीटर खाली येतं. पुठ्ठ्याचा एक साचा कापा, धड त्यात उलटं ठेवा आणि दोन्ही पंख सुकेपर्यंत तसेच टेकवून ठेवा. शेपटीचे आडवे पंख मात्र सरळ असतात. त्यांनाही पंखांसारखाच झुकाव दिला की मॉडेल मलूल दिसायला लागतं आणि बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही.

तपासा: समोरून बघा, उभी शेपूट सरळ आणि दोन्ही पंखांची टोकं सारख्या उंचीवर. वरून बघा, टोकापासून नाकापर्यंतचं अंतर दोन्हीकडे सारखं. दोरा धरून मोजलं तरी चालेल. सिमेंट ओलं असेपर्यंतच हे सुधारता येतं.

## ७. फटी भरणं

केसाएवढी फट प्रायमरच्या घट्ट थराने किंवा पुट्टी थिनरमध्ये पातळ करून ब्रशने भरा. मोठी फट, उदाहरणार्थ पंखाच्या मुळाशी, पुट्टीने न भरता प्लास्टिकच्या पातळ पट्टीने भरली तर बरं. पुट्टी जाड थरात सुकायला वेळ घेते आणि मधोमध बसते. गॅरेजमध्ये लांबी भरणाऱ्यांना हे पाठ असतं: एक जाड थर कधीच नाही, पातळ थर दोन-तीन.

घासण्याचा क्रम ४००, ६००, १०००. वॉटर पेपर ओला करून. आजूबाजूच्या पॅनेलच्या रेघा बुजतात, त्या नंतर सुईने किंवा रेघ कोरायच्या हत्याराने परत काढाव्या लागतील. जाड टेपची कड पट्टीसारखी वापरा आणि हात हलका ठेवा, पाचसहा वेळा अलगद. १/७२ मध्ये ०.२ मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर १४ मिलिमीटरची भेग. हे लक्षात ठेवलं की हात आपोआप आवरतो.

जोड खरंच गेला का ते उघड्या प्लास्टिकवर दिसत नाही. तिथे चंदेरी रंगाचा पातळ हात मारा. उरलेली प्रत्येक खोच लगेच चमकून दिसेल.

## ८. बिसचं बायसन

इथे किटचं पत्रक संपतं. तीन बदल महत्त्वाचे आहेत, बाकीचे हौसेचे.

पुढची काच. बिसच्या पुढच्या काचेला चौकटीच्या उभ्या पट्ट्या आहेत. बायसनला अखंड, गुंडाळलेली काच आहे. सुटी वळवलेली काच मिळाली तर ठीक, नाहीतर किटच्याच काचेवरच्या पट्ट्या घासून काढता येतात. काच टूथपिकच्या टोकाला ब्लू-टॅकने (पुन्हा निघणाऱ्या चिकट लगद्याने) अडकवा. ८०० ने पट्ट्या सपाट करा आणि त्यांचे कोपरे गोल करा, मग १०००, १५००, २०००, सगळं ओलं. या टप्प्यावर काच दुधाळ होते आणि पोटात गोळा येतो. घाबरू नका. दंतमंजनाच्या पांढऱ्या पेस्टने किंवा गाडीच्या रबिंग कंपाउंडने मऊ कापडावर घासत राहा, मग पाण्याने धुवा, सुकवा आणि चकचकीत पारदर्शक अ‍ॅक्रिलिक वार्निशमध्ये बुडवून कड टिश्यूवर टेकवून ठेवा. वाटीखाली झाकून सुकू द्या, नाहीतर धूळ बसलीच. आकार खऱ्यासारखा तंतोतंत होणार नाही, पण या प्रमाणात डोळा फसतो.

चॅफ-फ्लेअर, म्हणजे शत्रूच्या रडारला आणि क्षेपणास्त्रांना चकवायचं सामान, सोडणारे डबे. पंखांच्या मुळाशी, वरच्या बाजूला, धडाला लागून दोन लांबट उंचवटे आहेत. प्लास्टिकच्या पत्र्याच्या दोन-तीन पट्ट्या एकमेकींवर चिकटवून, सुकल्यावर घासून आकार द्या. दोन्ही एकाच वेळी, शेजारी ठेवून घासा. एक पूर्ण करून मग दुसरा करायला गेलात तर जोडी जुळत नाही. लांबी-रुंदी फोटोवरूनच घ्या: पंखाच्या मुळाची लांबी फोटोत मोजायची, किटवर मोजायची आणि त्या प्रमाणात डबा काढायचा.

शस्त्रं. बायसन आर-७३ आणि आर-७७ ही क्षेपणास्त्रं वापरायचं. बिसच्या डब्यात बहुधा जुनी असतात, तेव्हा शस्त्रांचा वेगळा संच घ्यावा लागेल किंवा दुसऱ्या रशियन विमानाच्या किटमधली उरलेली मागून आणावी लागतील. पंखाखाली चार आणि पोटाखाली एक अशा पाच जागा आहेत. पाचही भरल्याच पाहिजेत असा नियम नाही. दोन आर-७३ आणि पोटाखाली तेलाची टाकी एवढ्यावरच माझ्या डोळ्यांना हे विमान जास्त देखणं दिसतं.

नाकावरच्या आणि शेपटीवरच्या बारीकसारीक अँटेना फोटो बघून प्लास्टिकच्या पत्र्याच्या चिमुकल्या त्रिकोणांनी करता येतील. त्यांच्यासाठी आत्ता फक्त भोकं पाडून ठेवा. लावायच्या शेवटी.

## ९. काच चिकटवणं आणि झाकणं

पुढची काच फेविकॉलने बसवा. टूथपिकने अगदी पातळ रेघ, मग ओल्या इअरबडने बाहेर आलेला भाग पुसा. सुकल्यावर तो पारदर्शक होतो आणि बारीक फटही भरतो.

सावधान: काचेजवळ फेविक्विक आणू नका. त्याची वाफ बंद कॉकपिटमध्ये काचेला आतून पांढरं धुकं चढवते, आणि आतून ते पुसता येत नाही.

कॅनॉपी उघडी ठेवणार असाल तर लक्षात घ्या, बिसची कॅनॉपी उजव्या बाजूला कलते. मागे नाही, पुढेही नाही. ती सुटीच रंगवायची. रंगकामापुरती कॉकपिटच्या तोंडात ओल्या टिश्यूचा बोळा बसवा.

काच झाकताना टेप वर लावून चौकटीच्या कडेने नव्या पात्याने कापा. मग त्यावर पहिला रंग द्या तो कॉकपिटच्या आतला, त्यावर बाहेरचा करडा. टेप काढल्यावर काचेतून आतल्या बाजूला चौकट निळसर हिरवी दिसते. दहा मिनिटांचं काम, पण ते केलेलं आणि न केलेलं मॉडेल लगेच ओळखू येतं.

## १०. प्रायमर आणि रंग

मॉडेल आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर उघड्या हातांनी धरू नका. करड्या प्रायमरचा पातळ हात. तिरप्या उजेडात फिरवून बघा. जोड दिसतोय? परत घासा, परत मारा. हा वेळ वाया जात नाही.

एअरब्रश असेल तर ०.३ मिलिमीटरचा नोझल, १५ ते २० पीएसआय दाब, पाच-सात सेंटिमीटर अंतर आणि रंग दुधाइतका पातळ. तामिया कंपनीचा अ‍ॅक्रिलिक रंग स्वतःच्या थिनरबरोबर निम्मेनिम्मे किंवा त्याहून थोडा पातळ चालतो. व्हॅलेजो कंपनीच्या रंगामध्ये अल्कोहोल किंवा लॅकर थिनर घालू नका, रंगाचा डिंक होतो आणि नोझल तुंबतो. एका कंपनीच्या रंगाला त्याच कंपनीचा थिनर, हे सुरुवातीला डोळे मिटून पाळा.

ब्रशने करायचं असेल तरी होतं, फक्त सपाट मऊ ब्रश, पातळ रंग आणि तीन-चार हात. प्रत्येक हात सुकल्यावर दुसरा आडव्या दिशेने. अर्धवट सुकलेल्या रंगावरून ब्रश फिरवला की खालचा थर उचलला जातो.

बायसन करड्या छटांमध्ये दिसतं. करडा रंग बाटलीतून जसाच्या तसा मारला तर एवढ्याशा मॉडेलवर गडद आणि जड वाटतो, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळतात. थोडा. मूळचाच फिकट करडा आणखी फिकट केला की विमान पिठात घोळल्यासारखं दिसतं. रंग कालवला की एका डबीत पुढच्या डागडुजीसाठी भरून ठेवा. तीच छटा परत कालवता येत नाही.

शेवटी मागचा धातूचा भाग. चंदेरीखाली चकचकीत काळा द्या, तो नीट सुकू द्या, मग चंदेरी. थेट करड्या प्रायमरवर चंदेरी मारली की अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याचा रंग येतो, तापलेल्या पोलादाचा नाही.

सावधान: जून ते सप्टेंबर, विशेषतः मुंबई-कोकणात, पाऊस चालू असताना लॅकर किंवा वार्निश फवारू नका. हवेतला दमटपणा थरात अडकतो आणि पृष्ठभाग दुधाळ होतो. उघडीप मिळेल त्या दुपारी उरका. तोवर सुटे भाग घासा, चाकं रंगवा, कामं भरपूर असतात.

## ११. आधी चकचकीत, मग डेकल

खरं विमान मंद, म्हणजे चमक नसलेलं आहे म्हणून मंद रंगावरच डेकल लावायचं, हा सरळ वाटणारा विचार डेकलचा घात करतो. खडबडीत पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकते आणि फिल्मचा चंदेरी पापुद्रा दिसत राहतो. म्हणून आधी चकचकीत वार्निशचे दोन पातळ हात, एक दिवस सुकवणं, मग डेकल.

डेकल कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद, मग बाहेर काढून कागदावर ठेवा. आपोआप सरकायला लागेपर्यंत ढकलू नका. मॉडेलवर मायक्रोसेटचा (डेकल नीट बसावं म्हणून लावायच्या द्रवाचा) थेंब, त्यावर डेकल सरकवून जागेवर आणा, ओल्या ब्रशने मधून कडेकडे पाणी काढा. मग वरून मायक्रोसोल, हे डेकल मऊ करणारं द्रव. डेकल आता सुरकुततं. बघायला भयंकर दिसतं, पण हात लावू नका. सुकताना ते ताणलं जाऊन पॅनेलच्या रेघांत बसतं. सुरकुतलेलं असताना बोटाने सरळ करायला गेलात तर फाटलंच समजा.

हवाई दलाच्या गोल चिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. शेपटीवरच्या पट्ट्यांचा क्रम दोन्ही बाजूंच्या फोटोंवरून पक्का करा.

बरेच जण क्रमांक आणि चिन्हं घरी छापतात. दोन गोष्टी अडतात. प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. पारदर्शक डेकल कागदावर छापलेल्या चिन्हातलं पांढरं वर्तुळ खालच्या करड्यात मिसळून जातं. एकतर पांढऱ्या पायाचा कागद घ्या आणि कडेने नेमकं कापा, नाहीतर त्या जागी आधी पांढरा गोल रंगवून घ्या. दुसरं, इंकजेटची शाई पाण्यात पसरते. छापून सुकल्यावर पारदर्शक वार्निशचे दोन हात दिल्याशिवाय ते पाण्यात घालू नका.

## १२. रेघा उठवणं आणि मंद थर

डेकलवर परत चकचकीत हात. आता कॅमलच्या ऑइल कलरमधला काळा आणि तपकिरी मिसळून व्हाइट स्पिरिटमध्ये चहाइतका पातळ करा. करड्या विमानाला ठार काळी रेघ शोभत नाही, सगळं मॉडेल आलेखवहीसारखं दिसतं. बारीक ब्रशचं टोक रेघेला लावलं की रंग स्वतः धावतो. अर्ध्या तासाने कापडाने पुसा, नेहमी पुढून मागे, हवा वाहते त्या दिशेने. राहिलेला पुसट ओघळ मग मळ म्हणून शोभतो. पोटाखाली तोफेच्या मागे आणि नोझलजवळ जरा जास्त राहू द्या.

एक दिवस सुकल्यावर मंद वार्निश. काच झाकलेलीच हवी.

## १३. मोडणारं सगळं शेवटी

मॉडेल उलटं मऊ स्पंजवर ठेवा. आधी मागचे दोन दांडे, मग पुढचा. बसवल्यावर लगेच सरळ करून काचेच्या तुकड्यावर उभं करा, तिन्ही चाकं टेकतात का, पंख समतल आहेत का बघा आणि रात्रभर हात लावू नका. चाकाचा जमिनीकडचा भाग आधीच वॉटर पेपरवर किंचित सपाट केलेला असेल तर विमानाला वजन आहेसं वाटतं. त्यानंतर दारं, पायलॉन, शस्त्रं.

पिटो नळी नाकाच्या वर, मध्यापासून उजवीकडे सरकलेली असते. किटमधली प्लास्टिकची जाड असते आणि एका धक्क्यात जाते. तिच्याऐवजी इंजेक्शनच्या दोन सुया घ्या, जाडीत बारीक-मोठ्या, एकीत दुसरी सरकवा. टोकं आधी फाइलीवर घासून बोथट करा आणि कापताना सुई पक्कडीत धरा, चष्मा लावा. तुटलेला तुकडा कुठेही उडतो. भोक सुईच्या मापाचं पाडा, फेविक्विकचा कण, आणि सुकेपर्यंत समोरून व बाजूने दोन्हीकडून सरळ आहे का बघत राहा.

काचेवरची टेप आता काढा. कड उचलत नसेल तर टूथपिकने, कटरने नाही. कॅनॉपी बसवा, अँटेना लावा. मॉडेल शोकेसमध्ये ठेवताना नाक भिंतीकडे करून ठेवा, म्हणजे धूळ पुसणाऱ्याचा हात पिटोला लागणार नाही.